पाण्यावरचा बेडूक : मरळसाठी टॉपवॉटर लूर, माझ्या प्रकल्प नोंदी (फेब्रुवारी ते जून २०२५)

२ फेब्रुवारी, रविवार

वही उघडली एकदाची. गेलं वर्षभर रात्री मोबाईलवर बास फिशिंगचे व्हिडिओ बघतोय, मामांना दाखवायला गेलो तर म्हणाले "नावातच बास हाय, मग बास कर की आता." पण डोक्यातनं जात नाही. पाण्याच्या वरनं लूर, म्हणजे नकली आमिष, चालवायचा, मासा खालनं येऊन फोडतो, आणि ते सगळं डोळ्यादेखत होतं. तळाला गळ सोडून बसण्यात ती मजा नाही राव.

आता बास काय कोल्हापुरात नाही. लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेतला मासा, आणि जपानसारख्या देशात नेऊन सोडला तर तिथं त्यानं गावच्या माशांची वाट लावली. आपल्याकडं चिलापीनं (तिलापिया मासा) काय केलंय ते बघतोयच, त्यामुळं बास इथं नाही ते बरंच आहे. पण बास जे करतो ते आपली मरळ करते. गवताच्या, केंदाळाच्या (जलपर्णीच्या) आडोशाला दबा धरून बसायचं आणि वरनं बेडूक-बिडूक गेला की उसळी. आणि मरळीचं एक जास्तीचं आहे, तिला हवेतला श्वास लागतो. कल्ल्यांवर भागत नाही म्हणून ती मधनंमधनं वर येऊन हवा घेते, म्हणजे कुठं बसलीय ते ती स्वतःच सांगते. बासवाल्यांना ही सोय नाही.

ठरवलंय असं : पॉपर, वॉकर आणि फ्रॉग, हे लूरचे तीन प्रकार. पहिले दोन स्वतः लाकडात करायचे, फ्रॉग विकत. पाणी दोन ठिकाणचं. एक दोस्ताचं शेततळं, आणि दुसरी करवीर तालुक्यातलीच एक जुनी दगडाची खण, तिच्या मालकांना विचारून ठेवलंय. तळ्यांचा ठेका असतो, न विचारता गळ टाकला तर भांडणं होतात, ते नको.

९ फेब्रुवारी

लाकूड. बाहेरचे लोक बाल्सा वापरतात, ते इथं मिळालं तर महाग. मामा म्हणाले पांगारा घे. सावंतवाडीची खेळणी ज्याची करायचे तोच पांगारा, हलका, मऊ, चाकूनं पण कापला जातो. त्यांच्या बांधावरची वाळलेली फांदी होती, तीच आणली.

उद्यमनगरात ओळखीच्या एका लेथवाल्या काकांकडं गेलो. तिथं दिवसभर लोखंड कातायचं काम चालतं, मी लाकडाची दोन दांडकी घेऊन उभा. काका बघून हसायलाच लागले, "बेलणं करायचं काय?" म्हणे. मी कागदावरचं चित्र दाखवलं : एक ७५ मिमीचं, जाडी १८, आणि एक १०० मिमीचं, मधे फुगीर नि दोन्हीकडं निमुळतं, सिगारसारखं. मग मात्र त्यांनी मन लावून काढलं. भुसा सगळ्या चकवर उडाला, साफ करायला अर्धा तास गेला नि तो मीच केला.

एक गंमत म्हणजे बासच्या जुन्या लूरमधे पण लाकडाचे बरेच होते. अमेरिकेत मिशिगनमधल्या डोवाजिॲक गावचे जेम्स हेडन, त्यांनी १८९० च्या दशकात लाकडाचे बेडूक कोरले. तळ्याकाठी बसून लाकूड तासत होते, तुकडा पाण्यात टाकला आणि बासनं त्याच्यावर झडप घातली अशी गोष्ट सांगतात. खरी असो नसो, मला तेवढ्यानं धीर आला.

१६ फेब्रुवारी

आज सगळा दिवस वजनात गेला. हीच खरी मेहनत आहे, आकार कुणीपण काढेल.

पॉपरचं तोंड वाटीसारखं खोल लागतं. ओढला की ती वाटी पाणी पुढं ढकलते आणि डुबुक असा आवाज येतो. वॉकरचं तोंड साधंच असतं पण दोरीची कडी नाकाच्या टोकाला न लावता थोडी खाली हनुवटीला लावायची आणि शिसं शेपटीकडं भरायचं, मग तो नाक वर करून तिरका तरंगतो आणि ढिल्या दोरीला झटके दिले की एकदा डावीकडं एकदा उजवीकडं असा डुलत येतो. कुत्रं फिरवल्यासारखं म्हणून इंग्रजीत या चालीला 'वॉक द डॉग' म्हणतात. या जातीतला सगळ्यात नावाजलेला म्हणजे झारा स्पूक, १९३९ पासनं प्लास्टिकचा बनतोय आणि अजून विकला जातो.

शिसं टायरच्या दुकानातनं आणलं, चाक बॅलन्स करताना रिमला लावतात ते जुने तुकडे. वॉकरमधे आधी ५ ग्रॅम भरलं तर आमच्या परसातल्या हौदात सरळ उभाच राहिला, नुसतं नाक वर, मगरीसारखा. २ ग्रॅम केलं तर आडवा पडला, डुलेना. साडेतीनवर जमलं. गळ लावून वजन १२ ग्रॅम. पॉपर ९ ग्रॅम. आई दोनदा विचारून गेली की हौदात काय बुडवतोयस, प्यायचं पाणी आहे ते. नाही, वापरायचं आहे, पण तिच्याशी कोण वाद घालणार.

लाकडाला आधी पातळ व्हार्निशचे तीन हात, मग रंग, मग वरनं एपॉक्सी. पहिल्या पॉपरला मी घाईत एकच हात दिला तर लाकडानं पाणी पिलं आणि रात्रीतनं रंगाला पोपडे. तो गेला. दुसरा केला, म्हणजे परत काकांच्याकडं.

२ मार्च

पहिली फेरी. खण. सकाळी सव्वासहाला पोचलो, धुकं होतं थोडं, पाणी आरसा. अशा शांत पाण्यावर वॉकर चालवा, गडबड कमी करतो, असं सगळे सांगतात म्हणून वॉकर लावला.

चालला छान, खरंच सुंदर डुलत आला, मला तर तेच बघत बसावंसं वाटलं. पण मासा नाही. कारण मरळी सगळ्या पलीकडं केंदाळाच्या कडेला, गवताच्या आत. तिथं टाकला की गेला अडकून. तिहेरी गळ दोन, म्हणजे सहा टोकं, केंदाळाची मुळं अशी धरतात की बास. एकदा सोडवायला गुडघाभर पाण्यात उतरलो, एकदा दोरीच तोडावी लागली आणि साडेतीन ग्रॅमवाला माझा तो लाडका वॉकर अजून तिथंच लटकलाय. येताना कटिंग मारला, कुणाशी बोललो नाही.

थोडक्यात सांगायचं तर उघड्या पाण्याचं सामान मी गवतात वापरलं. बासचे जे व्हिडिओ मी बघत होतो त्यात मोठी तळी, मोकळं पाणी, होडी. आमच्या खणीत मोकळं पाणी आहे पण मरळ तिथं नाही.

१६ मार्च

फ्रॉग आले. ऑनलाइन मागवले, तीन. पोकळ मऊ रबरचा बेडूक, पोटातनं निघालेले दोन गळ वर वाकून पाठीला चिकटलेले, त्यामुळं केंदाळावरनं, पानांवरनं घसरत येतो आणि अडकत नाही. माशानं तोंडात दाबला की रबर चेपतं आणि गळ उघडे पडतात. काय डोकं लावलंय ज्यानं हे शोधलं त्यानं.

पण पाकिटातनं काढून तसाच टाकायचा नसतो हे आता कळलं. विकणाऱ्यानं फोटोत दाखवलेले गळ वेगळे आणि आलेले वेगळे, पहिल्याच आठवड्यात गंज धरला. तक्रार केली, उत्तर नाही, जाऊ दे. मी केलेले बदल लिहून ठेवतो :

शेपटीचे रबरी दोरे फार लांब होते. दोन्ही पाय एकसारखे कापले तर फ्रॉग वॉकरसारखा डुलतो, आणि एक बाजू बोटभर लांब ठेवली तर तो एकाच अंगाला जास्त वळतो. मी एकसारखेच ठेवले. गळांची टोकं पक्कडीनं अगदी किंचित वर उचलली, अगदी केसभर, जास्त उचललं तर अडकायला लागतो. कानसनं धार केली. पोटात छर्ऱ्याचे दोन दाणे टाकले, लांब जातो आणि खुळखुळतो पण. दोरीच्या भोकातनं पाणी आत जातं, त्यामुळं दर चारपाच फेकींनंतर दाबून चूळ भरल्यासारखं पाणी काढायचं, नाहीतर मागचं अंग बुडतं नि गळ पाण्याखाली जातात.

दोरी ५० पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी. गवतातनं मासा ओढून काढायचा तर नायलॉन ताणतं, ब्रेड ताणत नाही आणि गवत कापत येते. वॉकर-पॉपरला मात्र पुढं हातभर जाड नायलॉन जोडायचं, कारण नुसती ब्रेड फार मऊ, पुढच्या गळाला गुंडाळते. फ्लोरोकार्बनची दोरी तर टॉपवॉटरला नकोच, ती पाण्यात बुडते आणि लूरचं नाक खाली ओढते.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली, श्रीखंड हाणलं, चारला खणीवर. मामा पण आले, खुर्ची घेऊन.

नऊ फटके. नऊ! आणि मासा एक पण नाही.

प्रत्येक वेळी तेच झालं. केंदाळाच्या फटीतनं फ्रॉग आणला, थांबवला, भप्पकन पाणी फुटलं आणि मी तेवढ्यात रॉड खेचला. फ्रॉग उडून माझ्या छातीवर. एकदा तर मामांच्या खुर्चीवर. पाणी फुटलेलं दिसलं की हात आपोआप जातो ना, ते थांबवताच येत नाही.

मामा तरुणपणी बांबूच्या काठीला जिवंत बेडकी लावून मरळ धरायचे. ते म्हणाले, "आरं भाच्या, तिनं नुसतं धरलंय, आजून गिळलं न्हाई. तू तिच्या तोंडातला घास वडून काढतुयास. तोंड मिटू दे, वळू दे तिला, मग दोरी जड हुती ती बघ." मी म्हटलं मामा, किती वेळ थांबायचं? तर म्हणाले "तंबाखू मळत बसलास तरी चालंल." ते जरा जास्तीचं झालं, जिवंत बेडकीला चव असते, रबराला नाही, तंबाखू मळेपर्यंत ती थुंकून टाकेल. पण मुद्दा बरोबर. बासवाले पण हेच सांगतात की डोळ्यानं बघून झटका मारू नका, हातात वजन लागलं की मारा. मी पन्नास वेळा ऐकलेलं. ऐकणं वेगळं.

अजून एक बघितलं. चुकलेल्या फटक्यानंतर फ्रॉग तिथंच पडून राहिला (एकदा माझी दोरी रीलवर गुंतली म्हणून) तर तीच मरळ परत आली. म्हणजे हुकलं की गोळा करून परत फेकायचं नाही, तिथंच राहू द्यायचं, जरा थरथरवायचं.

१२ एप्रिल

जोतिबाची यात्रा. घरचे सगळे डोंगरावर, मी पण. चांगभलं. मासे नाहीत आज. गुलाल अजून कानातनं निघतोय.

२० एप्रिल

मिळाली!!

दुपारी साडेतीनला वळीव झाला, गारा नाहीत पण जोरात, अर्धा तास. पाऊस थांबला आणि खणीभोवती बेडकांनी आवाज सुरू केला. दोस्ताला फोन केला, गाडी काढली, पाचला पाण्यावर. आभाळ काळं, उजेड कमी. हिरवा फ्रॉग काढून काळा लावला. कारण साधं आहे, मासा खालनं वर बघतो, त्याला पाठीवरचं नक्षीकाम काय दिसणार, त्याला आभाळासमोर एक आकार दिसतो, आणि कमी उजेडात काळा आकार सगळ्यात ठळक. मी पाठीवर तीन रंगांचे ठिपके काढण्यात दोन संध्याकाळी घालवल्या होत्या, ते फक्त माझ्यासाठी होतं हे मान्य.

एका ठिकाणी बुडबुडे आणि मग मरळ हवा घ्यायला आली, हळूच, नुसतं तोंड. थेट तिच्या डोक्यावर टाकायचा नाही, दचकते. पलीकडं सातआठ फूट पानांवर टाकला, ओढत कडेपर्यंत आणला, फटीत उतरवला आणि थांबलो. दोरी ढिली. मी मनात एक दोन तीन मोजत होतो आणि चारला फुटलं. यावेळी हात दाबून धरला, खरंच दातओठ खाऊन, दोस्त मागनं "मार की मार की" ओरडतोय, मी नाही. मग दोरी बाजूला सरकायला लागली आणि जड झाली. तेव्हा दोन्ही हातांनी झटका. मरळीचं तोंड हाडाचं, दात पण असतात, हळुवार काम तिथं चालत नाही.

दीड किलो भरली, दोस्ताच्या ताणकाट्यावर. केंदाळासकट बाहेर आली, पाच किलो पाला नि दीड किलो मासा. नाद खुळा.

मामांना फोटो पाठवला. उत्तर : "मोजलंस किती?" मी लिहिलं चार आणि वर थोडं. त्यांनी अंगठा पाठवला.

४ मे

शेततळं. इथं प्लास्टिकचा कागद अंथरलेला, गवत नाही, केंदाळ नाही. कडेला मोटर बसवलीय तिथं थोडी सावली, बाकी सगळं उघडं. दोस्तानं दोन वर्षांपूर्वी सोडलेल्या माशांत पाचसहा मरळी शिरल्यात, कटला माशाची बोटुकली (पिल्लं) खातात म्हणून त्याला त्या काढायच्याच आहेत, म्हणजे माझी सोय.

फ्रॉग चालला नाही. आश्चर्यच. मग लक्षात आलं की वारा होता, पाण्यावर लाटा, फ्रॉगची ती नाजूक हालचाल त्यात हरवून जात असणार. पॉपर लावला. डुबुक, थांब, डुबुक डुबुक, थांब. तिसऱ्या फेकीला फटका, पाचव्याला मासा, पाऊण किलोची. इथं अडकायला काही नाही त्यामुळं तिहेरी गळ उलट फायद्याचे, थोडं लवकर ओढलं तरी एखादं टोक बसतंच.

पॉपरच्या बाबतीत माझं मत : लोक फार जोरात ओढतात. जोरात ओढला की पाणी उडतं, शिंतोडे, पण तो खोल आवाज येत नाही. रॉडचं टोक खाली ठेवून मनगटानं छोटा, कोरडा झटका, आणि लगेच दोरी ढिली. आवाज वाटीतल्या हवेचा असतो, ताकदीचा नाही.

अजून एक प्रयोग केला तो पण लिहून टाकतो, शेपटीला पंखा. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून दोन पात्यांचा पंखा करून तारेवर बसवला, ओढला की फिरतो नि फरफर आवाज. दोन फेकीत पाती मुडपली. काका म्हणाले पितळी पत्रा आण, करून देतो. बघू.

१८ मे

आज गेलो नाही, लिहायला बसलोय. दोस्त विचारत होता की मग बाबा शेवटी घ्यायचा कुठला, एकच सांग. एकच सांगता येत नाही हीच तर अडचण, पण मी आता पेटी उघडायच्या आधी पाण्याकडं बघतो. आधी उलटं करायचो, घरनंच ठरवून यायचो की आज वॉकर. वर पाला असेल तर प्रश्नच नाही, फ्रॉग, दुसरं काही टाकणं म्हणजे पैसे पाण्यात, अगदी शब्दशः. पाला नाही आणि पाणी हलतंय तर पॉपर. पाणी मोकळं आणि आरसा असेल तर वॉकर, असं पुस्तकी उत्तर आहे, पण माझा वॉकर केंदाळात लटकलाय त्यामुळं माझ्याकडं त्याचा पुरावा नाही. नवा करायचाय.

वेग मात्र बासवाल्यांकडनं घेऊ नये असं वाटतंय. ते लूर बराच पळवतात, एका दमात मोठा पट्टा पिंजून काढायला. मरळीला मी जेवढा हळू गेलो तेवढे फटके जास्त. थांबा जरा लांबवला की फरक पडतो. कदाचित आमचं पाणी लहान आहे म्हणून असेल, ती बसलीय कुठं ते आधीच माहीत असतं, शोधत फिरायची गरज नाही.

रंगाचं डबल तपासलं, दुपारच्या उन्हात हिरवा आणि काळा आलटून पालटून. हिरव्याला दोन फटके, काळ्याला तीन. यावरनं काय सिद्ध होत नाही.

१ जून

यंदा मे मधेच पाऊस लागला. खण दोन फूट चढली, पाणी गढूळ, केंदाळ वाऱ्यानं सगळं एका कोपऱ्यात. दोन तास भिजलो. गढूळ पाण्यात खुळखुळणारा फ्रॉग घेतला, एक फटका, हुकला, तिथंच राहू दिला, परत आली, परत हुकला. यावेळी मी थांबलो होतो, तीच चुकली. बरं वाटलं उगाच.

फ्रॉगचं रबर पोटाला चिरलं. फेविक्विकनं चिकटवलं, पण तिथं कडक झालं. दुसरा वापरायला काढला.

१५ जून

खणीवर सकाळी. पाऊस थांबलेला. उथळ कोपऱ्यात पाण्यावर हात दोन हात रुंदीचा एक लालसर डाग हलत होता, आधी वाटलं कचरा. मग कळलं, पिल्लं. शेकड्यांनी, बारीक, नारिंगी-लाल, सगळी एकत्र वर येऊन हवा घ्यायची नि परत खाली, पावसाचे थेंब पडल्यागत पाणी टिपटिपायचं. आणि खाली सावलीसारखे दोन मोठे आकार. नर-मादी दोघं राखण करतात.

आता यावर फ्रॉग टाकला तर एका सेकंदात फटका, हे सगळ्यांना माहीत आहे. भूक म्हणून नाही, पिल्लांजवळ आलं म्हणून मारतात. शेजारी एक पोरगा रॉड घेऊन उभा होता, म्हणाला "दादा, टाका की, मोठी हाय." मी म्हटलं आईबाप उचलले तर त्या पिल्लांना चिलापी एका दिवसात संपवतील, मग पुढच्या वर्षी तू काय धरणार. तो म्हणाला "पुढच्या वर्षी मी पुण्याला असणार." यावर मला उत्तर सुचलं नाही. त्याला चहाला घेऊन गेलो, तासभर बोलत बसवलं, आणि आम्ही परत आलो तेव्हा डाग सरकून केंदाळाखाली गेला होता.

ही वही आता पाऊस संपेपर्यंत बंद. राहिलेली कामं : वॉकर नंबर दोन, यावेळी शिसं साडेतीनच. पॉपरची वाटी आणखी २ मिमी खोल. पितळी पत्रा. लेथवाल्या काकांचे साठ रुपये द्यायचे राहिलेत आणि त्यांना एक फ्रॉग पण हवाय, त्यांच्या गावाकडं पाझर तलाव आहे म्हणे.